पाइपावरचं आधी वाचा, चलानावर सही मग

टेम्पो गेटवर उभा असतो आणि ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, सही करा ना, पुढे भिवंडी गाठायचीय." करू नका. चेंबूरच्या एका कारखान्याचं स्टोअर मी बावीस वर्षं सांभाळलं. माल बहुतेक मुंबईच्या पाइपबाजारातला, गुलालवाडी नाहीतर सी. पी. टँकचा. खिशात तीनच वस्तू ठेवायचो: वायर ब्रश, खडू, वर्नियर.

पाइपावर रंगाने छापलेली एक लांब ओळ असते. पावसाळ्यात गंज चढला की निम्मी जाते, म्हणून ब्रश. समजा लिहिलंय: एएसटीएम ए१०६ ग्रेड बी, एसएमएलएस, २ इंच, शेड्यूल ८०, पुढे एक हीट नंबर. एएसटीएम हे अमेरिकी मानक, शेड्यूल म्हणजे जाडीचा वर्ग, आणि हीट नंबर म्हणजे भट्टीतल्या ज्या घाण्यातून पोलाद निघालं त्याचा क्रमांक. ए१०६ म्हणजे जास्त तापमानाच्या कामाचा कार्बन स्टील पाइप. एसएमएलएस म्हणजे सीमलेस, जोड नसलेला. तिथे ईआरडब्ल्यू दिसलं तर तो पट्टी वळवून वेल्ड केलेला पाइप. ए१०६ मध्ये फक्त सीमलेसच येतो, तेव्हा ही दोन नावं एका ओळीत दिसली की टेम्पो थांबवून ठेवा.

नवा मुलगा हमखास फसतो तो साइझमध्ये. दोन इंची पाइपाला वर्नियर लावला की बाहेरून ६०.३ मिलिमीटर येतात आणि तो धावत सांगायला येतो, माल चुकीचा आलाय. माल बरोबर आहे. दोन इंच हे नुसतं नाव. शेड्यूल ४० असो की ८०, बाहेरचं माप तेच; जाडी आतल्या बाजूला वाढते. चाळीसची ३.९१, ऐंशीची ५.५४ मिलिमीटर. ए१०६ ला जाडीत साडेबारा टक्के कमी चालते, म्हणून ऐंशीच्या पाइपाला ४.९० दिसलं तर भांडू नका. ४ दिसलं तर भांडा.

एल्बो (वळणाचा जोड) आणि फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) यांच्यावर हीच माहिती पंचने ठोकलेली असते. धातू साधारण एकाच जातीचा, पण नावं तीन: पाइप ए१०६ ग्रेड बी, बटवेल्ड (टोकाला टोक लावून वेल्ड करायचा) एल्बो ए२३४ डब्ल्यूपीबी, फ्लँज ए१०५. स्टेनलेसमध्ये तेच ए३१२ टीपी३१६एल, ए४०३ डब्ल्यूपी३१६एल, ए१८२ एफ३१६एल. एका दुकानदाराने मला नुसतं ए१०६ लिहिलेले एल्बो दाखवले आणि म्हणाला, "पाइपातूनच बनतात, एकच झालं." बनतात हे खरं. पण वळवल्यावर, तापवल्यावर त्याची फिटिंग म्हणून तपासणी झाली का, ते डब्ल्यूपीबी सांगतं. मी परत पाठवले.

स्टेनलेसला लोहचुंबक लावून पास करणारे अजून आहेत. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या दोन जाती त्याला जवळपास सारख्याच. उलट थंड अवस्थेत वळवलेला चांगला एल्बोही थोडा चिकटतो. फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं. पीएमआयची, म्हणजे धातूतले घटक ओळखणारी, एक्स-रेवाली बंदूक ते दाखवते, पण कार्बन दाखवत नाही. त्यामुळे ३१६ आणि कमी कार्बनचं ३१६एल यांतला फरक तिला कळत नाही. त्यासाठी टीसीच, म्हणजे कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेटच, उघडावं लागतं.

टीसीत मी आधी हीट नंबर शोधायचो. अंगावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एका गठ्ठ्यात दोन हीट असतील तर दोन टीसी हवेत. पंचाभोवती ग्राइंडरची ताजी चकाकी दिसली तर आधीचं काय घासलंय ते विचारा. आकडा आठचा की तीनचा कळेना? खडू चोळून पुसा, खाचेत पांढरं राहतं.

आता माझी चूक. घाईत सहा मीटरच्या पाइपातला छाप असलेला तुकडाच कापून साइटवर दिला. उरलेले चार मीटर कोरे. कुठली हीट, कुठला ग्रेड, काही सांगता येईना. शेवटी त्याचा पंपहाउसच्या जिन्याला कठडा झाला. तेव्हापासून आधी उरणाऱ्या भागावर हीट नंबर पंच करायचा, मगच कटर लावायचा.