झाडावरचा रातकिडा कसा ओळखायचा? मिशीच्या मुळाशी बघा

रातकिडा म्हटलं की डोळ्यासमोर काळा-तपकिरी, जमिनीवर पळणारा किडाच येतो, म्हणून झुडपाच्या पानावर दीड-दोन सेंटिमीटरचा फिकट हिरवा नाजूक जीव दिसला तर बरेच जण नाकतोडा समजून पुढे जातात. तोही रातकिडाच असू शकतो, झाडावरचा.

आधी मिशा बघा. नाकतोड्याच्या मिशा आखूड, याच्या केसासारख्या बारीक आणि अंगापेक्षाही लांब. खरा घोळ कॅटिडिड नावाच्या दुसऱ्या किड्यामुळे होतो, कारण तोही हिरवा नि लांब मिशांचा, पण त्याचे पंख दोन्ही बाजूंना छपरासारखे उतरतात आणि झाडावरच्या नर रातकिड्याचे पाठीवर सपाट पडलेले असतात, शिवाय डोकं पुढे ताणलेलं.

नर-मादी ओळखणं सोपंय. नराचे पंख रुंद, पारदर्शक, वल्ह्यासारखे, गाताना ते पाठीवर सरळ उभे करतो. मादीचे पंख अरुंद, अंगाला गुंडाळल्यासारखे, आणि मागच्या टोकाला सुईसारखी सरळ नळी, तिनेच ती खोडात-देठात भोक पाडून अंडी घालते. पंख अर्धवट असतील तर ते पिल्लू, त्याच्यावरून जात ठरवायला जाऊ नका.

आता जात. इथे रंगावर अजिबात भरवसा ठेवू नका, एकाच जातीत फिकट आणि गडद दोन्ही सापडतात. मिशीची डोक्याजवळची पहिली दोन पेरं खालच्या बाजूने बघायची, तिथले काळे ठिपकेच कामाचे. उत्तर अमेरिकेतल्या इकॅन्थस या झाडावरच्या रातकिड्यांच्या गटात हे फार छान दिसतं, त्यातल्या चार जाती बघा: निव्हियसच्या पहिल्या पेरावर इंग्रजी जे अक्षरासारखी खूण, फुल्टोनायला दोन्ही पेरांवर एकेक गोलसर ठिपका, क्वाड्रिपंक्टॅटसला प्रत्येक पेरावर दोन-दोन वेगळ्या खुणा, आणि निग्रिकॉर्निसला तशाच पण इतक्या जाड की एकमेकींत मिसळतात.

या खुणा नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. किड्याला स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या, तो काचेवर चढला की बाहेरून पोटाकडच्या बाजूने मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठा दिसेल असा, फोटो काढा. पायाला धरून उचलू नका प्लीज, मागचा पाय पटकन तुटून येतो आणि मोठ्या किड्याला तो परत फुटत नाही.

खुणा पुसट असतील तर नराचं गाणं रेकॉर्ड करा, सोबत तापमानही लिहा, कारण गरम हवेत तो भराभर गातो आणि थंडीत सावकाश, तापमानाशिवाय दोन रेकॉर्डिंग ताडून बघता येत नाहीत. झालं की त्याच झुडपावर सोडा.