मिठीच्या मुखाशी मोजमापाची वही कशी ठेवावी

मिठी जेमतेम १८ किलोमीटरची नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावर ती सुरू होते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालते आणि माहीम कॉजवेखालून समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात तिला दोन धनी: वरून पाऊस आणि खालून भरती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण नदीची एरवीची वागणूक लिहिलेली नसेल, तर पुराच्या दिवसाचा आकडा ताडून पाहायला काहीच हाताशी नसतं. ती वागणूक टिपायची असेल तर एक नियम आधीच पक्का करा. भरतीची अवस्था आणि उंचीचं शून्य सोबत लिहिलं नसेल, तर खाडीतली ती नोंद खोडलेली बरी.

आधी तिथी, मग वार

सर्रास होणारी चूक म्हणजे दर दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला नमुना घ्यायला जाणं. उधाण (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांचं चक्र सुमारे १४.७७ दिवसांचं असतं आणि तुम्ही जाता १४ दिवसांनी. दर फेरीला पाऊण दिवसाचा फरक साचत जातो. परिणामी सुमारे नऊ महिन्यांची एक खोटी लाट तुमच्या आलेखात उमटते. खारटपणा हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो आणि बघणाऱ्याला वाटतं, नदी सुधारतेय. नदी होती तशीच आहे, तुमची वेळ सरकली.

म्हणून दिनदर्शिका काढा आणि तिथीवर वेळापत्रक बांधा. कोळीवाड्यातला जुना हिशेब इथे उपयोगी पडतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. द्वितीयेला दीड वाजता, अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजा. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. मुंबईत याचा एक आयता फायदा आहे. द्वितीयेला ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास आणि भरती दुपारी दीडच्या सुमारास येते, म्हणजे उधाणाची दोन्ही टोकं उजेडात मिळतात. नवमीला, भांगाच्या वेळी, भरती पावणेसातला आणि ओहोटी एकच्या आसपास. महिन्यातून एक द्वितीया आणि एक नवमी, दर खेपेला दोन्ही टोकं, एवढं पुरे.

तक्त्यातली वेळ पाण्याच्या उंचीची असते. प्रवाह थांबतो तो त्यानंतर थोड्या वेळाने, आणि आत गेलात तर आणखी उशिरा. पुलावरून तरंगणाऱ्या कचऱ्याकडे बघा. एखादी रिकामी बाटली जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली, की बादली सोडा.

ठिकाणं चार पुरतात: माहीम कॉजवेचा पूल, महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचा काठ, वाकोला नाला मिळतो त्याच्या खालचा टप्पा आणि एक अशी जागा जिथे उन्हाळ्यात पातळी भरतीने हलतच नाही. ही चौथी जागा नकाशावरून ठरवू नका. दोन उधाणं उभं राहून बघा. पुलासाठी महापालिकेची आणि कांदळवनासाठी कांदळवन कक्षाची परवानगी आधी काढा. ड्रोनचा विचार मात्र सोडा, डोक्यावरून विमानं उतरत असतात.

शून्य कुठलं?

मुंबईत उंचीची तीन शून्यं एकाच टेबलावर येतात. भरतीचे आकडे चार्ट डेटमपासून (ओहोटीच्या जवळपास सर्वांत खालच्या पातळीपासून) मोजतात, सर्वेक्षणाचे सरासरी समुद्रसपाटीपासून आणि महापालिकेच्या नाल्यांचे नकाशे टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे शहराच्या स्वतःच्या शून्यावर, असतात. पहिल्या दोन्हींतला फरकच सुमारे अडीच मीटर आहे. ‘भरती ४.८ मीटर’ हे वाचून समुद्रसपाटीवरच्या नकाशात तेवढं पाणी भरणारे लोक दर पावसाळ्यात भेटतात.

एक शून्य निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग काठावर तीन बेंचमार्क, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणा, ठेवा: एक पुलाच्या खांबावर, दोन त्यापासून लांब, भरावाच्या बाहेर. वर्षातून एकदा ऑटो लेव्हलने (समपातळी साधणाऱ्या दुर्बिणीने) तिन्हींमधला फरक तपासा. एकच बेंचमार्क असेल आणि तो खचला, तर नदीची पातळी चढतेय असं दिसेल. भराव घातलेल्या जमिनीवर हे होतंच.

पातळी मोजताना

सेंटिमीटरच्या खुणांची इनॅमलची गेज पट्टी खांबाला लावा. कितीही महागडं यंत्र घेतलं तरी पट्टी हवीच, कारण यंत्राची साक्ष काढायची ती तिच्याशीच. लोखंडी पट्टी मात्र नको, महिन्याभरात भंगारात जाते.

दाबावरून पातळी आपोआप नोंदवत राहणारा लॉगर स्वस्त आणि लपवायला सोपा. त्यात दोन चुका दडलेल्या असतात. लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो आणि हवेचा १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंमी पाणी. कमी दाबाचा पट्टा येऊन हवेचा दाब १० ने उतरला, की तुमची पातळी १० सेंमी कमी दिसते, आणि नेमकी पुराच्या दिवशी. तेव्हा कोरड्या जागी दुसरा लॉगर ठेवा आणि वजाबाकी करा. दुसरी चूक खारेपणाची. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. ३ मीटरच्या स्तंभावर ते ७-८ सेंमी होतं. मे महिन्यात जुळवलेला लॉगर जुलैत गोड्या पाण्यात तेवढाच चुकणार.

पुलाखाली लटकवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर या दोन्हींतून सुटतो, पण आवाजाचा वेग अंशामागे ०.१७ टक्क्याने बदलतो. ५ मीटर अंतर आणि १० अंशांचा फरक धरला तर ८-९ सेंमी गेले. शिवाय खाली तरंगणारं थर्माकोल आलं की तो त्याचीच उंची सांगतो. पैसे असतील तर रडार घ्या.

लॉगरसाठी ४ इंची पीव्हीसी पाइपची विहीर करा. खालून बंद, बाजूला पाइपच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं भोक. भोक मोठं ठेवलं तर लाटा आत येतात. लहान ठेवलं तर गाळ बसतो आणि आलेखात ओहोटीचा तळ कापल्यासारखा सपाट दिसतो. आत गेल्यावर नदीचा तळच ओहोटी अडवतो, तिथेही तळ सपाटच येतो. फरक कळायला पट्टी वाचा: पट्टीवर पाणी उतरतंय आणि लॉगर थांबलाय, तर दोष भोकाचा. दर पंधरा दिवसांनी सळई घालून ते मोकळं करा. नोंद एरवी १५ मिनिटांनी, जून ते सप्टेंबर ५ मिनिटांनी.

क्षार आणि प्राणवायू

पावसाळ्यात गोडं पाणी वर पसरतं आणि खारं तळाशी पाचरीसारखं आत घुसतं. एकाच बादलीवर भरवसा ठेवलात तर खाडी गोडी झाल्याचा निष्कर्ष निघेल. दोन नमुने घ्या: पृष्ठभागाखाली ३० सेंमी आणि तळावर ३० सेंमी. क्षार मोजायचा वाहकतेचा मीटर १४१३ मायक्रोसीमेन्स आणि १२.८८ मिलिसीमेन्सच्या द्रावणांवर तपासा. समुद्राचं पाणी ५० मिलिसीमेन्सच्या वर जातं, म्हणून वरच्या टोकाचंही एक द्रावण ठेवा. हातातला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वळण्यावरून क्षार सांगणारा) उन्हाळ्यात चालतो, पण क्षार हजारी २-३ च्या खाली गेले की त्यावर विसंबू नका.

प्राणवायूच्या मीटरला खारेपणा सांगावा लागतो. २८ अंशांना गोड्या पाण्यात संपृक्तता लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४. ही दुरुस्ती विसरलात तर खाऱ्या पाण्यात आकडा खोटाच चढा दिसेल. महिन्यातून एकदा विंकलरच्या रासायनिक पद्धतीने पडताळा करा. ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहता भरा, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिली पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा, झाकण लावून उलटसुलट करा. अवक्षेप बसला की १ मिली सल्फ्युरिक आम्ल. त्यातलं २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने मोजलं, तर जेवढे मिली तेवढे लिटरमागे मिलिग्रॅम. पाण्याला कुजक्या अंड्याचा वास असेल तर मात्र थांबा. सल्फाइड आयोडीन खातं आणि आकडा खोटा उतरतो. अशा वेळी ऑप्टिकल (प्रकाशावर चालणाऱ्या) प्रोबवर भिस्त ठेवा आणि वहीत ‘वास’ असं स्पष्ट लिहा.

प्रोब बाहेर काढला की आधी आकडा वाचा, मग पुसा, मग पुन्हा वाचा. दोघांतला फरक म्हणजे शेवाळ-चिखलाची चूक. त्यानंतर प्रमाण द्रावणात जो फरक येतो तो यंत्राच्या सरकण्याचा. दोन्ही एकत्र केले, तर मागचा महिना कसा दुरुस्त करायचा हे कळत नाही.

गाळ आणि तिवरं

चिखलात एक दांडा रोवून त्याची उघडी लांबी मोजणं सोपं वाटतं, पण दांड्याभोवती पाणी खळगा करतं. दोन पीव्हीसी दांडे १ मीटर अंतरावर खोल रोवा, डोकी समपातळीत आणा, वर पट्टी ठेवा आणि मधल्या नऊ ठिकाणी पट्टीपासून चिखलापर्यंत मोजा. दर दोन महिन्यांनी, आणि नेहमी एकाच बाजूने जाऊन. तुमची पावलं हीच तिथली मोठी धूप असते.

तिवरांसाठी, म्हणजे कांदळवनातल्या झाडांसाठी, १० बाय १० मीटरचा चौकोन, १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर आणि १ चौरस मीटरमध्ये श्वसनमुळांची मोजणी. वर्षातून एकदा, डिसेंबरात. मुळांची टोकं गाळाखाली गेलेली दिसली तर घेर वाढत असला तरी समाधान मानू नका, झाड वर्षभराने बोलतं.

पूर येतो तेव्हा

मुसळधार पावसात पाण्याजवळ जाऊ नका. त्या दिवसाचं काम आधीच लावून ठेवलेलं असावं. दोन इंची पाइपमध्ये लाकडी पट्टी उभी करा, तळाशी बुचाचा भुसा टाका, खाली भोकं आणि वर हवेला वाट ठेवा. पाणी चढतं तसा भुसा चढतो आणि सर्वांत वरच्या पातळीला पट्टीवर चिकटून राहतो. वीज नको, बॅटरी नको. पूर ओसरल्यावर वाचा, पट्टी पुसा, भुसा पुन्हा भरा. भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा दोन दिवसांत खुणा करून बेंचमार्कशी जोडा. पुढच्या सरीत त्या धुतल्या जातात. पुराच्या पाण्यानंतर पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्टरांना लगेच दाखवा.

खाडीत पातळीवरून प्रवाह काढता येत नाही, कारण त्याच पातळीला पाणी कधी आत येतं, कधी बाहेर जातं. पुराखेरीजच्या दिवशी पुलावरून नारळ सोडा. तो बराचसा बुडून तरंगतो, वाऱ्याला बधत नाही. ५० मीटरला लागलेले सेकंद मोजा आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. नदीचा छेद जूनच्या सुरुवातीला, गाळ काढून झाल्यावर, आणि ऑक्टोबरात असा दोनदा मापा. गाळ कधी काढला ती तारीख वहीत नसेल, तर पातळीतला फरक पावसाच्या खात्यावर जमा होतो.

पावसाचा आकडा घेताना हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो हे लक्षात ठेवा. लॉगर भारतीय वेळेवर ठेवा. जागतिक वेळेवर राहिला तर साडेपाच तासांचा घोळ होतो, आणि तो भरती-ओहोटीच्या अंतराजवळच असल्याने चटकन डोळ्यात भरत नाही.

वही

पेन्सिलने लिहा, शाई पावसात पसरते. लॉगरची मूळ फाइल कधीही दुरुस्त करू नका. दुरुस्ती वेगळ्या स्तंभात, कारणासकट. आणि यंत्र बदलायची वेळ आली की नवं बसवून जुनं तसंच चालू ठेवा, निदान एक पूर्ण पावसाळा. दोघांची वाचनं शेजारी ठेवून फरक खऱ्या पाण्यातून काढा, माहितीपत्रकातून नको. जुनं यंत्र बंद पडल्यावर नवं आणलं, तर तिथून पुढे दुसरीच वही सुरू झाली असं समजा आणि पहिल्या पानावर तसं लिहा.