सातूच्या कोवळ्या रोपात पॅल एन्झाइम नेमकं कुठे आहे, ते कसं शोधायचं

फेरुलिक आम्ल, फ्लेव्होनॉइड्स यांसारखे अँटीऑक्सिडंट बनवायची सुरुवात फिनाइलअॅलनिन अमोनिया-लायेज, म्हणजे पॅल, करतं. फिनाइलअॅलनिनमधला अमोनिया काढला की सिनॅमिक आम्ल उरतं. हे एन्झाइम १९६१ साली पहिल्यांदा वेगळं केलं तेही सातूतूनच, म्हणून सातूच घ्या.

दाणे ८ तास भिजवून ओल्या कागदावर २५ अंशांवर रुजवा. उजेड हवाच, अंधारातल्या पिवळ्या रोपांत पॅल फार कमी असतं. सहाव्या-सातव्या दिवशी पहिलं पान बुडातून काढा. तृणधान्याचं पान बुडाकडून वाढतं, त्यामुळे बुडाच्या पेशी सर्वांत कोवळ्या, शेंडा सर्वांत जुना. वयाची अख्खी रांग एकाच पानात मिळते! पानाचे बुडापासून २-२ सें.मी.चे तुकडे करा. कोंबाच्या म्यानात दडलेला फिकट भाग सोडू नका, मुळं वेगळी ठेवा. प्रत्येक भागाचे ०.५ ग्रॅम तुकडे लगेच बर्फावर घ्या. तुकडे तासन् तास टेबलावर पडले तर जखमेमुळेच पॅल वाढतं आणि मोजलं जातं ते तुमच्या ब्लेडचं काम.

थंड खलबत्त्यात २.५ मिली बोरेट बफर (०.१ मोलर, पीएच ८.८), ५ मिलीमोलर मर्कॅप्टोइथेनॉल आणि ५० मिग्रॅ पीव्हीपीपी (फिनॉलसारखे पदार्थ धरून ठेवणारी पूड) घालून वाटा. पीव्हीपीपी नसेल तर अर्क तपकिरी होतो, एन्झाइम मरतं. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने) ४ अंशांना १५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी घ्या, तोच अर्क.

क्वार्ट्झ क्युवेटमध्ये (प्रकाशाचं शोषण मोजायच्या छोट्या चौकोनी नळीत) १.५ मिली बफर, ०.५ मिली ६० मिलीमोलर फिनाइलअॅलनिन, ०.५ मिली अर्क, ०.५ मिली पाणी. ३७ अंशांवर एक तास, दर १५ मिनिटांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २९० नॅनोमीटरला शोषणाचं वाचन. साधा प्लास्टिकचा क्युवेट इथे चालत नाही, तो अतिनील प्रकाश अडवतो. ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेच्या क्युवेटमध्ये, फिनाइलअॅलनिनऐवजी पाणी, अर्क मात्र तोच. अॅसिड घालून क्रिया थांबवायची सवय असेल तर जपून: आम्लात सिनॅमिक आम्लाचं शोषण बदलतं, मग खालचा आकडा लागू पडत नाही. वाचन ०.२४ ने वाढलं, तर ०.२४ भागिले ९६३० (सिनॅमिक आम्लाचा शोषण गुणांक) म्हणजे सुमारे २५ मायक्रोमोलर सिनॅमिक आम्ल. ३ मिलीत ७५ नॅनोमोल.

शेंड्याच्या अर्कात आधीच साठलेले फ्लेव्होनॉइड्स २९० लाच शोषतात, सुरुवातीचं वाचन दीडच्या वर जातं. अर्क सेफाडेक्स जी-२५ मधून (लहान रेणू मागे ठेवणाऱ्या जेलमधून) गाळा, नाहीतर निदान पातळ करा. फ्लेव्होनॉइड्सचा साठा असतो रिक्तिकेत, पॅल असतं पेशीद्रवात. साठा जास्त म्हणून एन्झाइमही तिथेच असेल असं धरू नका.

बुडाच्या पेशी लहान, म्हणून एका ग्रॅममध्ये त्या जास्त मावतात. दर ग्रॅम आणि दर मिग्रॅ प्रथिन, दोन्ही आकडे काढा. फक्त ग्रॅमवर ठरवलं तर बूड उगाच जिंकतं.