कुत्र्याला रोज किती खायला घालायचं?

पिशवीवरचा तक्ता अंदाजापुरताच धरा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. उरलेल्या किलोंना 30 ने गुणून त्यात 70 मिळवा. दहा किलोला 370 कॅलरी, ही नुसती पडून राहण्यापुरती गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या 1.6 पट, म्हणजे दिवसाला साधारण 590 कॅलरी. पिशवीवर 100 ग्रॅमला 360 लिहिलं असेल, तर दोन्ही वेळचं मिळून 165 ग्रॅम. तेही काट्यावरच मोजा. वाटीवर शीग चढतेच.

वरचं खाणं दहा टक्क्यांच्या आत हवं. आजी मायेनं टाकते त्या एका पोळीतच शंभरेक कॅलरी असतात! हंगामात नाशकात घरोघरी द्राक्षं असतात, बेदाणे तर बारा महिने. कुत्र्याला त्यातलं एकही देऊ नका, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यांना फोन करा.

दर पंधरवड्याला बरगड्यांवरून हात फिरवा. दाबून शोधाव्या लागल्या तर खाणं थोडं कमी करा, लांबूनच दिसत असतील तर वाढवा. पिल्लं आणि गाभण कुत्री यांना हा हिशेब लावू नका.