नाताळच्या गोधडीला वेगळे रंग: लाल-हिरव्याला एक पाऊल सरकवा

लेक म्हणाली, "आई, या नाताळला गोधडी शीव, पण लाल-हिरवी नको. जानेवारी उजाडला की ती कपाटातच जाते." मला पटलं. उत्साहाच्या भरात मी मोरपंखी, जांभळा आणि राणी रंग घेऊन बसले. कापडं सुटी बघितली तर एकेकाचा नुसता तोराच. पण ताऱ्याचा पहिला चौकोन शिवून भिंतीवर टाचला, तर जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "तारा कुठाय यात?"

खरंच नव्हता. तिन्ही रंग सारखेच गडद, त्यामुळे ताऱ्याची टोकं मागच्या कापडात बुडाली होती. तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी फिकट, मध्यम, गडद ठरवते आणि मग रंगाचं नाव घेते. कापडाच्या घड्या एकीला एक लावून ठेवा, फोनने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. दोन घड्यांमधली रेघ दिसेनाशी झाली, तर ती दोन कापडं ताऱ्यात शेजारी येऊ देऊ नका. काहीजणी डोळे किलकिले करून हेच बघतात, पण भडक लाल किंवा राणी रंग समोर आला की माझे डोळे फसतात. फोटोवर माझा जास्त भरवसा.

आता रंग. सगळंच बदलायला गेलं की सण हरवतो आणि उरते ती कुठलीही गोधडी. रंगचक्रावर, म्हणजे सगळे रंग क्रमाने गोलाकार मांडलेल्या चित्रात, लाल आणि हिरवा समोरासमोर बसतात. दोघांनाही चक्रावर एकाच बाजूला फिरवायचं. लाल नारिंगीकडे नेलात तर विटकरी आणि अबोली मिळतात, आणि तेवढाच फिरलेला हिरवा निळ्याकडे जाऊन मोरपंखी होतो. उलट फिरवलंत तर लालाचा आमसुली आणि हिरव्याचा शेवाळी. समोरासमोरचं नातं तसंच राहतं, म्हणून डोळ्याला नाताळ जाणवतो, पण नेमका कशामुळे ते चटकन सांगता येत नाही. मला विटकरी-मोरपंखी जोडी जास्त आवडते. आमसुली-शेवाळी देखणी असते, पण मध्ये फिकट कापड सढळ हाताने घातलं नाही तर फार गंभीर दिसते.

कुठला रंग किती, हे कळायला एक तारा कागदावर मोजून बघा. शिवून बारा इंच भरणारा चौकोन घेतला, तर मध्याला ६½ इंची एक चौकोन, टोकांना ३½ इंची आठ चौकोन, आणि पार्श्वभूमीला ३½ इंची चार चौकोन व ३½ बाय ६½ इंचांच्या चार पट्ट्या लागतात. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना टोकाचा चौकोन कर्णावर शिवायचा आणि बाहेरचा कोपरा शिलाईपासून पाव इंच ठेवून कापायचा, आणि उरलेला त्रिकोण बाहेरच्या बाजूला उलगडायचा. शिलाईला सगळीकडे पाव इंच. शिवून झाल्यावर हिशेब लावला तर अर्धी जागा पार्श्वभूमीची, पाव टोकांची आणि पाव मध्याची. म्हणजे ताऱ्याचे रंग निवडण्यात आपण रात्री जागवतो आणि गोधडीचा खरा रंग ठरवतं ते मागचं, 'काहीतरी पांढरं' म्हणून उचललेलं कापड! धीर असेल तर तेच बदला. गडद मोरपंखीवर सायीच्या रंगाचे तारे आणि मध्ये विटकरी, एवढ्यावर माझी गोधडी उभी राहिली.

मध्यम रंग म्हणून मी आधी साधा राखाडी घेतला होता. विटकरीच्या शेजारी ठेवल्यावर तो चक्क निळसर दिसायला लागला. दुकानात असा नव्हता! शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाकडे पॅरिसच्या गोबेलँ या धाग्यांनी चित्रं विणणाऱ्या कारखान्यातून अशीच तक्रार आली होती, की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर धाग्याचा रंग उत्तम होता, खोड शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांची होती. यावर त्याने १८३९मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्यापुरतं इतकंच, की राखाडी, बदामी, सायीचा असले 'गरीब' रंग कधी एकटे पसंत करू नका. जिथे बसायचे आहेत त्या शेजाऱ्यासोबतच बघा.

आणि रात्री बघा. ही गोधडी अंगावर घेतली जाणार ती संध्याकाळी, पिवळ्या दिव्याच्या उजेडात. एका वर्षी मी सायीच्या कापडावर फिकट पिवळे तारे शिवले. दुपारी खिडकीपाशी गोड दिसत होते, दिवा लागला की अर्धे गायब. हल्ली एक चौकोन शिवून दोन दिवस भिंतीवर ठेवते, एकदा उन्हात आणि एकदा दिव्यात बघते, आणि मगच उरलेलं कापड कापायला घेते.

गडद विटकरी, आमसुली, मोरपंखी कापडाचा रंग जातो का, हे आधीच बघायचं. ओला पांढरा रुमाल जोरात घासा. डाग आला तर कापड वेगळं धुवा, आणि दोन-तीन धुण्यांनंतरही येत असेल तर सायीच्या रंगाशेजारी त्याला जागा देऊ नका.

घरात साठलेली लाल-हिरवी, सोनेरी छापाची कापडं टाकवत नाहीत. ती मी जोडून खालच्या बाजूला लावली. जाऊबाई आल्या की गोधडी उलटी करूनच पांघरतात.