जर्मन वर्कशॉप मॅन्युअल इंग्रजीत आणताना

जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा पास होऊन भाषांतराला बसणाऱ्यांना मी आधी डिक्शनरी मिटायला लावते आणि पार्ट्स कॅटलॉगमधलं चित्र उघडायला सांगते. तो भाग गाडीत बसतो कुठे आणि करतो काय, हे कळल्याशिवाय इंग्रजी नाव लिहायचं नाही.

'लागर' घ्या. राडलागर म्हणजे व्हील बेअरिंग. मोटोरलागर मात्र इंजिन माउंट, इंजिन ज्यावर टेकलेलं असतं तो रबरी तुकडा. तिथे 'इंजिन बेअरिंग' लिहिलंत तर वाचणारा थेट क्रँकशाफ्टपाशी पोचेल. आणि एरझात्सटाइललागर? सुट्या भागांचं गोदाम! 'श्पूर' तसाच बेरकी: फोअरश्पूर म्हणजे टो-इन, चाकांचं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेलं असणं, श्पूरश्टांगे म्हणजे टाय रॉड, ब्रिटिशांचा ट्रॅक रॉड. श्पूरहाल्टेअसिस्टेंटमध्ये तर चाकांच्या अलाइनमेंटचा संबंधच नाही, तो लेन कीपिंग असिस्ट.

लांबलचक शब्द दिसला की शेवटाकडून सोडवा. शाळेतला तत्पुरुष समास आठवा, मुख्य पद शेवटी. कुर्बेलवेलेनलागरडेकेलश्राउबे: श्राउबे म्हणजे बोल्ट, कशाचा? डेकेलचा, म्हणजे कॅपचा. कॅप कशाची? क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची. पण ही साखळी जशीच्या तशी इंग्रजीत उतरवू नका. गॅरेजमध्ये त्याला मेन बेअरिंग कॅप बोल्ट म्हणतात, तेच लिहा.

श्टॉयर्न आणि रेगेल्न यांवर जरा थांबा. इंग्रजीत दोन्हींना सर्रास कंट्रोल म्हणतात, जर्मन इंजिनिअर मात्र फरक करतो. लॅम्बडा सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून इंधनाचं प्रमाण सतत दुरुस्त होत राहतं, हे रेगेल्न, क्लोज्ड-लूप. परिणाम न मोजता नुसता हुकूम सोडला, तर श्टॉयर्न, ओपन-लूप. मजकुरात दोन्ही शेजारीशेजारी आले, तर नुसतं कंट्रोल लिहून सुटका नाही. श्टॉयरकेटे मात्र सरळ टायमिंग चेन. 'कंट्रोल चेन' असं काही नसतं.

घट्ट करण्याच्या सूचना सर्वांत जपून करा. '20 न्यूटन-मीटर, मग 90 अंश वाइटरड्रेहेन' याचा अर्थ आधी टॉर्क रेंचने 20 पर्यंत, आणि तिथून पुढे आणखी पाव फेरा. इंग्रजीत 'फर्दर' यायलाच हवं. दशांशाचा स्वल्पविराम बदला: 1,5 मिलिमीटरचे 1.5. उलट 1.000 हे हजार असतात, एक नव्हे. पीएस, म्हणजे जर्मन (मेट्रिक) हॉर्सपॉवर, ही ब्रिटिश हॉर्सपॉवर (एचपी) नव्हे: 150 पीएस म्हणजे 110 किलोवॅट, साधारण 148 एचपी. क्लेमे 15, क्लेमे 30 या विजेच्या जोडण्यांचे आकडे डीआयएन 72552 या जर्मन मानकातून आलेले. 'टर्मिनल' लिहा, आकड्याला हात लावू नका.

संक्षेप विसरले जातात. एजीआरचं ईजीआर होतं (एक्झॉस्टचा वायू पुन्हा इंजिनात फिरवणं), ओटीचं टीडीसी (टॉप डेड सेंटर, पिस्टनची सर्वांत वरची जागा).

आणि हो, कामाला हात घालण्याआधी क्लायंटला विचारा, ब्रिटिश की अमेरिकन? मोटोरहाउबे एकीकडे बॉनेट, दुसरीकडे हूड. कोफरराउम बूट की ट्रंक. पुण्यातल्या ऑफिसात बॉनेट-डिकी बोलणाऱ्यांच्या हातून अमेरिकन फाइलमध्ये बॉनेट हमखास शिरतं. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.