फौजी घरी आला, पण झोप आली नाही

फौजी पेन्शनवर घरी येतो तेव्हा बहुधा चाळिशीच्या आतबाहेर असतो. काश्मीर, सियाचीन, ईशान्येकडची पोस्टिंग करून आलेला माणूस रात्री तीनदा उठून कडी तपासतो, हॉटेलात भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसतो, पोराच्या हातून ताट पडलं की अंगावर धावून जातो. गावात याला ‘मिलिटरी खाक्या’ म्हणतात आणि त्यातच वर्ष-दोन वर्षं वाया जातात. भयानक स्वप्नं किंवा नको त्या आठवणी, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, माणसांतून मन उडणं आणि सतत सावध राहणं, हे सगळं महिनाभराच्या वर टिकलं आणि घरादारावर त्याचा परिणाम होऊ लागला, तर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची, तपासणी करून घ्यायला हवी.

‘तुम्हाला मानसिक त्रास आहे’ असं म्हटलं की विषय तिथेच संपतो. नोकरीत ‘शेप’ या लष्करी वैद्यकीय प्रतवारीतल्या ‘एस’वरून, म्हणजे मानसिक स्थितीवरून, मेडिकल कॅटेगरी खाली आली की बढती अडते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आता कॅटेगरीचा प्रश्न उरला नाही, उपचार घेतले म्हणून पेन्शन थांबत नाही, हे स्पष्ट सांगा. बोलणं झोपेवरून काढा: ‘अहो, महिना झाला, तुमची धड झोप नाही. एकदा दाखवून येऊ.’ झोप येत नाही हे कबूल करायला फौजीला कमीपणा वाटत नाही. ‘तिकडे काय झालं?’, ‘किती मारले?’ हे मात्र घरात कोणीच विचारू नये, पाहुण्यांनी तर नाहीच. तो आपणहून बोलला तर मधे न बोलता ऐका.

डॉक्टरकडे जाण्याआधी चौदा दिवस एक वही ठेवा. किती वाजता आडवा झाला, किती वेळा उठला, स्वप्नात ओरडला का, किती पेग घेतले, कशावरून भडकला. पाचसहा शब्दांची एक ओळ पुरे. तपासणीच्या दहा मिनिटांत तो ‘सब ठीक है’ म्हणून उठतो, तेव्हा ही वहीच बोलते.

रात्री स्वप्नात ओरडू लागला तर खांद्याला धरून हलवू नका. अर्धवट जागेपणी त्याचा हात तुमच्या गळ्यापर्यंत जाऊ शकतो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. पायथ्याशी, त्याचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहा, दिवा लावा, नेहमीच्या आवाजात हाक मारा: ‘अहो, मी आहे. आपण घरी आहोत. तीन वाजलेत.’ कोण, कुठे, किती वाजले, एवढंच. मग पाणी. दिवाळीतले फटाके किंवा वरातीचा डीजे असेल तर वेळ आधी सांगून ठेवा. अचानक आलेला आवाज जास्त छळतो.

कॅन्टीनची रम हा पुढचा गुंता. बाटल्या मोरीत ओतून दारू ‘एकदम बंद’ करायला लावू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. भिंतीवरच्या जाहिरातींतलं ‘न सांगता जेवणात मिसळायचं औषध’ तर नकोच. त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो, शिवाय विश्वास कायमचा जातो.

उपचारासाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड घेऊन आधी त्या योजनेचं पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग मानसोपचारतज्ज्ञ. अचानक बिघडलं तर जवळच्या रुग्णालयात न्या आणि दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. आघाताशी थेट काम करणारी समुपदेशनाची पद्धत सर्वांत उपयोगी. तिची साधारण आठ ते पंधरा सत्रं होतात. पहिल्या काही सत्रांत आठवणी वर येतात, त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि बरेच जण नेमके तिथेच सोडतात. सर्ट्रालीनसारख्या नैराश्यविरोधी गोळीचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते, म्हणून बरेच जण दहाव्या दिवशी आपणहूनच गोळ्या बंद करतात. हे आधीच सांगून ठेवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, मूळ आजार तसाच राहतो, आणि दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो.

बँकेत किंवा कंपनीत सुरक्षारक्षक असलेल्या कितीतरी माजी सैनिकांकडे परवान्याची बारा बोअर बंदूक असते. ‘जगून काय उपयोग’ असं बोलणं, हिशेब मिटवणं, वस्तू वाटून टाकणं दिसलं तर पहिलं काम बंदुकीचं. निवडणुकीत जमा करतात तशी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवा आणि पावती घ्या. काडतुसंही गेली पाहिजेत. शेतातलं कीटकनाशक कुलपात, किल्ली तुमच्याजवळ. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, 14416 या टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर मराठीत बोला, आणि जिवाला धोका असेल तर 112. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका: 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतो.

शेवटी कागदपत्रं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची प्रत एका फायलीत ठेवा, नव्या तपासण्या त्यातच जोडा. आजार नोकरीत सुरू झाला असेल तर अपंगत्व पेन्शनचा दावा होऊ शकतो. 2023 मध्ये नियम बदलले आहेत, त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेल्यावर आधी निवृत्तीची तारीख सांगा, मग बाकीचं.